तबकडीवरचं बोट

आमच्या मंडळात 'छान' म्हणायला बंदी होती. 'वा' चालत नसे, 'क्या बात है' तर मुळीच नाही. वाहवा करायची असेल तर मैफलीत जाऊन पुढे बसावं, तिथं गवयाला ती ऐकू जाते आणि त्याला बरंही वाटतं, असं वकीलसाहेब म्हणत. तबकडीला बरं वाटत नाही. तिच्यापुढे वाहवा करणारा माणूस आपलीच पाठ थोपटून घेत असतो, हे त्यांचं मत होतं, आणि ग्रामोफोन त्यांचा असल्यामुळे ते मंडळाचंही मत होतं.

म्हणून आमची रीत अशी. तबकडी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायची. त्या तीन-साडेतीन मिनिटांत कुणी बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, मांडीवर ताल धरायचा नाही. ती संपली की वकीलसाहेब सुई उचलून बाजूला ठेवत आणि एकेकाकडे बघून एवढंच विचारत, "कुठं?" ज्याची पाळी असेल त्यानं पुढे सरकून तबकडीवर बोट धरायचं. टेकवायचं नाही, कारण बोटाचा घाम लागतो. अगदी जवळ, वरच्या वर धरायचं. गाण्यातल्या ज्या जागेनं त्याला गाठलं ती जागा त्या काळ्या चकतीवर कुठं आहे, ते दाखवायचं. मग वकीलसाहेब तिथं सुई टेकवत, तेवढा तुकडा पुन्हा वाजे, आणि त्या माणसाला सांगावं लागे की इथं काय झालं. बोट चुकीच्या ठिकाणी पडलं तर बाकीचे हसत आणि तो पुन्हा शोधायला लागे.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटायचा. वकीलसाहेबांचे मेहुणे एकदा पुण्याहून आले होते. त्यांनी तासभर आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही गाणं ऐकता की पंचनामा करता?" वकीलसाहेब म्हणाले, "पंचनामाच. तुमच्याकडे नुसती अफवा असते." मेहुणे पुन्हा त्या खोलीत आले नाहीत.

सवयीनं डोळा तयार होतो. जोरकस तानांच्या जागी रेघा थरथरलेल्या दिसतात, ठेहरावाच्या जागी गुळगुळीत. वर्षभरात आम्हाला त्या इतक्या ओळखीच्या झाल्या की बोट सहसा चुकत नसे. तोटा एकच होता. एकाच जागी सुई पुन्हा पुन्हा टेकून तिथली चकाकी उडायची. आमच्या तबकड्या खिडकीच्या उजेडात तिरप्या धरल्या तर कुणाला काय आवडतं ते पांढुरक्या कड्यांवरून कळायचं. हौसेनं आणलेली वस्तू आम्ही हौसेनंच खराब करत होतो, पण त्याचं कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

आम्ही चौघं होतो. वकीलसाहेबांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत, रविवारी दुपारी जमायचो. दुसरे अत्तरवाले. त्यांचं भद्रकालीच्या बाजारात पिढ्यानपिढ्यांचं दुकान. ते खोलीत आले की आधी हिना यायचा आणि मग ते. सूर जिथं नुसता ठेवलेला असतो, हलवलेला नसतो, तिथं त्यांचं बोट जायचं. "मास्तर, इथं नाही, जरा अंदर," असं म्हणत ते माझं बोट हळूच सरकवत. तिसरे सिन्नरचे शेठ. त्यांचा विडीचा व्यापार होता. सिन्नरहून रविवारच्या मोटारीनं येत, येताना कधी नवी तबकडी आणत, आणि खोलीत कुजबुजले तरी खाली रस्त्यावर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता. त्यांना तान आवडे. तान संपली की ते दमून जात.

चौथा मी. हायस्कुलात गणित शिकवत होतो. स्वभाव चिडका. शाळेमुळे झाला असं मी सांगत असे, पण तो शाळेच्या आधीपासूनचा होता. मंडळात मात्र माझी पत होती, कारण माझं बोट सगळ्यांत आधी तयार असायचं आणि माझ्याजवळ कारणही असायचं. शेठ म्हणायचे, "मास्तरला ईचारा आधी, त्यांचं उत्तर पाठ आसंल." मला ते आवडायचं. आठवडाभर मी रविवारची वाट पाहायचो, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या वर्षी भाद्रपदात आमची मुलगी गेली. सहा वर्षांची होती, एकुलती एक. विषमज्वर. डॉक्टर येत होते, औषध चालू होतं, नाशिकरोडहून बर्फ भुशात घालून टांग्यातून आणत होतो. उपयोग झाला नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ तेव्हाही नव्हतं.

लोक भेटायला आले. मी सगळ्यांशी नीट बोललो, सगळ्यांना बसायला सतरंजी घातली. शाळेत गेलो तेव्हा मुख्याध्यापक इतरांना म्हणाले, की मास्तर फार धीराचे. मी कसलाही धीर धरला नव्हता. मला काही होतच नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, त्याला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसं मला सगळंच वाटत होतं, आणि मुंग्या यायची चिन्हं नव्हती. भूक लागत होती. झोप येत होती. फळ्यावर प्रमेय लिहिताना हात थरथरत नव्हता. पोरं गडबड करेनाशी झाली होती, तेवढं मात्र लक्षात आलं.

माझी बायकोही रडली नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. शेजारच्या बायकांनी तिला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मुलीचा परकर तिच्या मांडीवर आणून ठेवला, तिच्या गळ्यात पडून स्वतः रडल्या. तिनं परकराची घडी केली आणि पेटीत ठेवला. बायका आपापसांत म्हणाल्या, की हे बरं लक्षण नव्हे, हिनं रडायला पाहिजे, नाहीतर डोक्यात जाईल. त्यांचं खरं असावं, पण त्यांना ओट्यावरून उठवावं असंच मला वाटत होतं. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत होतो. रॉकेल संपलंय. दूधवाला आज आला नाही. तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलंय, काढून ठेवा. एवढंच.

दसरा झाल्यावर मी पुन्हा रविवारी जायला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं. पाय त्या दिशेला गेले. तिघांनी मला पाहून जागा करून दिली. वकीलसाहेबांनी मुद्दाम जुनी तबकडी काढली, माझी लाडकी, जिच्यावरची निम्मी कडी माझीच होती. ती वाजली. संपली. माझी पाळी आली.

"कुठं?"

मी पुढे सरकलो, बोट तबकडीवर धरलं, आणि ते तसंच राहिलं. मला सगळं ऐकू आलं होतं. गाणाऱ्या बाईनं आलापाची सुरुवात कशी केली, कुठं श्वास घेतला, तबलजीनं कुठं लय ओढून धरली, सगळं. कुठलीच जागा वेगळी नव्हती. पहिलीपासून शेवटच्या रेघेपर्यंत ती एक काळी चकती होती.

"कुठंच नाही," मी म्हणालो आणि मागे सरकलो.

असं आमच्यात आधी झालं नव्हतं. एखाद्याला गाणं आवडलं नाही तर तो नावडलेली जागा दाखवायचा. कुठंच नाही, हे उत्तर नव्हतं. शेठ छताकडे बघायला लागले. वकीलसाहेबांनी घाईनं दुसरी तबकडी लावली.

पुढच्या रविवारी तेच झालं आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. मग वकीलसाहेब एकदा जिन्यात मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही नुसते बसत चला. तुमची पाळी आपण काही दिवस सोडून देऊ." मागून अत्तरवाले उतरत होते. ते वकीलसाहेबांवर कधी चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"सोडून कशी देता, वकीलसाहेब? पाळी म्हणजे पाळी. विचारायचं. नाही बोलणार तर नाही बोलणार, लेकिन विचारायचं."

"त्यांना त्रास होतो."

"त्रास होऊ द्या ना. तोच तर होत नाही त्यांना."

मी दोघांच्या मधे उभा होतो. माझ्याबद्दल भांडण चाललंय हे कळत होतं. त्यांच्यातलं कोण बरोबर, याची मला फिकीर नव्हती. पण माझी पाळी कायम राहिली.

ज्याला जागा दाखवता येत नाही तो मंडळातला नव्हे, असा नियम कुणी केला नव्हता, तरी तो होता. तसा नुसता ऐकणारा माणूस आमच्यात एकदा येऊन गेला होता आणि आम्हीच त्याला कंटाळून घालवलं होतं. म्हणजे मंडळ माझ्या हातून जाणार, हे मला गणितासारखं कळत होतं. त्याच्याही पलीकडचं कळत होतं: हे असंच राहिलं तर उरलेला जन्म मी जेवीन, शिकवीन, पेन्शन घेईन आणि कशालाच बोट लावणार नाही. याची भीती वाटायला हवी होती. मी भीतीची वाट पाहिली. तीही आली नाही.

खोटं बोट धरणं अगदी सोपं होतं. कोणती जागा दाखवायची, कारण काय द्यायचं, सगळं तोंडपाठ होतं. वकीलसाहेबांनी एकदा डोळ्यानं सुचवूनही पाहिलं, दाखवा की काहीतरी. तेवढं एक मी केलं नाही. बाहेर मी खोटं दुःख दाखवतच होतो. नातेवाइकांपुढे मान खाली घालावी लागते, सुस्कारा टाकावा लागतो, नाहीतर लोक घाबरतात. पण त्या खोलीत मी आजवर खोटी जागा दाखवली नव्हती. राग येत नव्हता तरी त्या बाबतीत माझा जुना हेकटपणा शिल्लक होता, आणि मी त्याला धरून बसलो.

मग त्या तिघांनी माझ्यावर उपचार सुरू केले. तो प्रकार आता आठवला तर हसू येतं. मला रडू आलं पाहिजे, असं त्यांच्यात ठरलेलं दिसलं, आणि ते कोणत्या रागानं येईल यावर वाद सुरू झाला. वैद्यांनी रोग्याच्या उशाशी बसून भांडावं तसे ते माझ्यासमोर भांडत.

"जोगिया," अत्तरवाले म्हणाले. "जोगियानं पत्थर पाझरतो."

"दुपारी जोगिया?" वकीलसाहेब म्हणाले. "तो पहाटेचा राग. औषधाची वेळ चुकली तर गुण येईल का? मुलतानी लावा. वेळही जुळते, आणि त्यातला कोमल गंधार थेट जाऊन लागतो."

"त्ये दोन्ही नको," शेठ म्हणाले. "रडकं ऐकून मानूस रडत नाय. मारवा द्या त्यास्नी. मारव्यानं जीव असा टांगणीला लागतो, की आपसूक येतंय पानी."

मुलतानीचा एक महिना झाला. मारव्याचे दोन-तीन रविवार झाले. शेठ मुंबईला गेले तेव्हा तिथून दरबारीच्या दोन तबकड्या घेऊन आले, कुणीही न सांगता. तबकडी वाजायला लागली की तिघंही डोळे मिटायचं सोडून माझ्या चेहऱ्याकडे चोरून बघायचे. शेठना तर चोरूनही बघता येत नसे, ते सरळ बघायचे. मला त्यांची दया यायला हवी होती. मी सभ्यपणे ऐकत होतो, एवढंच. एकदा मुलतानी संपल्यावर मी म्हणालो, की बाईचा गंधार चढा लागलाय. वकीलसाहेबांचे डोळे चमकले.

"कुठं?"

"दाखवतो. पण ती जागा नव्हे. ती चूक आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्या दिवशी मंडळ लवकर उठलं.

पौषात मी जाणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. एका रविवारी चाचणीचे पेपर तपासायचे होते, दुसऱ्या रविवारी तपासायचं काही नव्हतं तरी घरी बसलो. बायकोनं विचारलं, "आज जायचं नाही का?" मी म्हणालो, "नाही."  दुपारभर ती आत गहू निवडत होती आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. घरात सुपाचा आवाज तेवढा होता.

माघात एका रविवारी आमच्या दाराशी टांगा थांबला. आमचं घर पंचवटीत, भाड्याच्या दोन खोल्या. टांग्यातून वकीलसाहेब उतरले, अत्तरवाले उतरले, आणि शेठ उतरलेच नाहीत, कारण त्यांच्या मांडीवर ग्रामोफोन होता आणि तो कुणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. शेवटी मी आणि वकीलसाहेबांनी त्यांना ग्रामोफोनसकट खाली उतरवलं. वकीलसाहेबांचा ग्रामोफोन त्यांच्या खोलीबाहेर कधी गेलेला मी पाहिला नव्हता.

आमच्याकडे टेबल नव्हतं. जमिनीवर दोन पाट जोडून मांडले आणि त्यावर ग्रामोफोन ठेवला. बायको आतल्या दारात उभी होती. ती या तिघांना नावानिशी आणि आवाजानिशी ओळखत होती, पण त्यांच्यासमोर बसून बोलायचा प्रसंग तिला कधी आला नव्हता. घरात असं झालेलं असताना, वर्षही सरलेलं नसताना ग्रामोफोन वाजला तर शेजारी काय म्हणतील, हे वकीलसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते नुसतेच टोपी हातात घेऊन उभे राहिले. विचारलं शेठनी.

"वयनी, लावू का? तुमी नको म्हनला तर आमी च्या पिऊन जाऊ."

"लावा," ती म्हणाली आणि स्टोव्ह पेटवायला आत गेली.

अत्तरवाल्यांनी शेरवानीच्या आतून तबकडी काढली. अर्थातच जोगिया. वेळ तिसऱ्या प्रहराची होती, पण वकीलसाहेबांनी त्या दिवशी हरकत घेतली नाही. जोगिया वाजला. उत्तम होता. अत्तरवाल्यांनी बोट धरलं आणि सांगितलं, वकीलसाहेबांनी धरलं आणि सांगितलं, शेठनी धरलं. माझ्याकडे बघून वकीलसाहेबांनी विचारलं, "कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणालो.

ते एवढ्या लांबून आले होते, टांग्यात ते धूड मांडीवर घेऊन आले होते. त्यांना काहीतरी द्यावं, असं मला वाटायला हवं होतं. माझ्याजवळ नव्हतं.

 शेठना शांतता सोसत नाही. त्यांनी तबकडी उचलली, उलटी केली, चावी फिरवली आणि सुई टेकवली.

"अरे शेठ, ती बाजू कशाला?" अत्तरवाले म्हणाले. "ती काही नाही."

ती खमाजातली हलकीशी चीज होती. आम्ही काही वर्षांपूर्वी ऐकून तिला नापास केलं होतं. बाई सुरुवात झोकात करते, मधे चार हरकती घेते, आणि शेवट घाईघाईनं उरकते; शेवटची तान तर तुटतेच. एकमतानं दिलेला निकाल होता. त्यामुळे कुणी नीट ऐकत नव्हतं. वकीलसाहेब खिशात तपकिरीची डबी चाचपत होते, शेठ चहा आला का ते बघत होते. तबकडी संपली. 'कुठं?' विचारायचा प्रश्नच नव्हता.

बायको चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"ही पुन्हा लावता येईल का?" तिनं विचारलं. मला नव्हे, वकीलसाहेबांना.

वकीलसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठं?" आणि मग ते गोरेमोरे झाले. "म्हणजे, वहिनी, आमच्यात तसं विचारायची..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "यांनी सांगितलंय."

तिनं तबक खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि ग्रामोफोनपाशी उकिडवी बसली. रेघांतलं तिला काही उमजत नव्हतं. "शेवट मधल्या बाजूला येतो ना?" तिनं विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, हो, कागद चिकटवलाय त्याच्या जवळ. तिनं कागदालगत बोट धरलं. धरलं म्हणजे टेकवलंच. आमच्यातलं कुणी काही म्हणालं नाही.

सुई तिथं टेकली. बाई समेवर येते. तिथं चीज खरं तर संपलेली असते, तबलजीचा हात सैल पडलेला कळतो. आणि मग बाई अचानक आणखी एक तान उचलते, वरच्या षड्जाकडे निघते, आणि ती पुरी व्हायच्या आतच खरखर सुरू होते.

"वहिनी, हा दोष आहे," वकीलसाहेब हळूच म्हणाले. त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जे येत होतं ते सांगितलं. "इथं लय सुटते. ठेका मागे राहतो, आणि तान अपुरी पडते."

"असेल," ती म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही. पण तिला कुणीतरी पुरे म्हणालंय."

"म्हनत्यातच," शेठ म्हणाले. "तबकडी भरत आली, की कंपनीचा मानूस हात वर करतोय. आता थांबा म्हनून. मी ऐकलंय मुंबईला."

"हं," ती म्हणाली.  "म्हणजे हात वर केलेला तिनं पाहिलाय. आता थांबायचं, हे तिला कळलंय. आणि तरी तिनं आणखी एक घेतली. तिचं झालं नव्हतं हो. अजून पुष्कळ होतं तिच्याजवळ."

मुलीचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायला नकोच होतं.

चहा निवत होता. अत्तरवाल्यांनी विचारलं, "भाभी, फिरसे लावू?" तिनं मान हलवली. स्प्रिंग उतरली होती म्हणून मी पुढे झालो आणि चावी दिली. तो तुकडा पुन्हा वाजला. सम, सैल पडलेला ठेका, वर निघालेली तान, खरखर. पुन्हा लावला. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला, आणि ती रडायला लागली. आधी आवाज आला नाही. मग आला, आणि इतका मोठा आला की शेजारचं दार उघडल्याचं मी ऐकलं. वकीलसाहेब पाटाच्या कडेकडे बघत होते. शेठ उघड उघड रडत होते. त्यांना तेही हळू करता येत नसे. अत्तरवाले सुई उचलत होते आणि त्याच जागी परत ठेवत होते, दुसरं काही न करता.

ती म्हणाली ते बरोबर होतं. आम्ही चौघं इतकी वर्षं त्या जागेला चूक म्हणत होतो आणि ती चूक नव्हतीच. मला ते सगळं स्पष्ट दिसत होतं, प्रमेय सुटल्यावर दिसतं तितकं. ती तान कुणाची, ती का तुटली, माझी बायको कशासाठी रडतेय, मला कळायचं काही राहिलं नव्हतं. मी थांबून पाहिलं, आता येईल, आता तरी येईल. डोळे कोरडे होते. तान वर निघत होती आणि तुटत होती, आणि मला नुसती ऐकू येत होती.

मग मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सुजल्यासारखा लाल झाला होता, नाक वाहत होतं, केस सुटले होते, आणि मला तिचा हेवा वाटला. असा कडकडून वाटला की छातीत दुखलं. तिला मुलगी सापडली होती, जमिनीवर, पाटावर, एका नापास केलेल्या तबकडीत. आणि मला नाही. भाद्रपदापासून मला आपणहून वाटलेली ती पहिली गोष्ट होती. ती चांगली नव्हती. पण ती माझी होती, आणि तीही जाईल या भीतीनं मी पुन्हा चावी द्यायला लागलो.